कोथरूडचा जिना

शिबिरातल्या मुलांनो, पुण्याच्या गमतीजमती लिहून पाठवा, असं तुम्ही सांगितलं होतं. लिहितो, पण गमती थोड्याच आहेत.

यवतमाळहून निघालेल्या बसचा कंडक्टर "पुणं आलं" म्हणाला तसा मी खराडीलाच उतरलो. कोथरूड शहराच्या पार दुसऱ्या टोकाला. मग काचेच्या इमारती बघत, बस बदलत, गुडघे चोळत मुक्कामी पोचलो.

माझी मुलगी मेघा तिथे सहाव्या मजल्यावर भाड्याने राहते. घरमालकाचा मला फोन आला होता, मुलीला आवरा, नाहीतर जागा सोडायला सांगा. झालं होतं असं, की त्या सोसायटीत (एका फाटकाआतल्या इमारतींना इथे असं म्हणतात) मावशींना, म्हणजे घरकामाच्या बायकांना, लिफ्ट बंद केली होती. मेघाने कमिटीला विनंती करून पाहिली. मग रोज सकाळी ती मावशींबरोबर जिन्याने चढू लागली. घोषणा नाहीत, वाद नाही. हळूहळू इमारतीतली आणखी काही पोरं तिच्यासोबत चढायला लागली.

फाटकातच सेक्रेटरी भेटले. "आपण वडील का? बरं झालं आलात. कन्येला चढायची हौस दिसते. टेकडी जवळच आहे, तिकडे पाठवा."

मला राग यायला हवा होता. मी ओशाळून हसलो.

मेघाने झुणका केला होता, अगदी घरच्या चवीचा. जेवताना मी विषय काढला. नोकरी नवी, दुसरी जागा लवकर मिळायची नाही, लोक नावं ठेवतात, वगैरे.

"बाबा, मी कोणाशी भांडून नाही राहिली," ती म्हणाली. "फक्त जिना चढून राहिली. शिबिरात तुम्हीच तर सांगता."

"शिबिरातलं वेगळं असतं," मी म्हणालो.

तिने ताटं उचलली.

सकाळी आम्ही बाहेर पोहे खाल्ले. मी वरून आपली झणझणीत रश्श्याची तर्री मागितली, हॉटेलवाल्याने सांबार ओतलं. परतलो तेव्हा लतामावशी आणि ती पोरं जिन्यापाशी मेघाची वाट बघत होती. मेघाने एकदा माझ्याकडे पाहिलं आणि लिफ्टचं बटण दाबलं.

"तुम्ही व्हा पुढे, मावशी."

"बरं ताई," लतामावशी म्हणाल्या आणि एकट्याच चढू लागल्या. पोरं पांगली. आम्ही दोघं लिफ्टने वर गेलो.

यवतमाळला आलो तोवर घरमालकाचा आभाराचा फोन आला होता. फार लाज वाटली. चार दिवसांनी मी मेघाला फोन केला, माझं चुकलं, तू पुन्हा सुरू कर, म्हणालो. "राहू द्या बाबा," ती म्हणाली. "आता जिन्यापाशी कोणी येत नाही."

अन्यायाला शांतपणे नाही कसं म्हणायचं, हे मी तुम्हाला इतकी वर्षं शिकवतोय. त्या वेळी अडवायला कोण येतं, हे सांगायचं राहूनच गेलं. तुमच्यावर जीव असलेलंच कोणीतरी लांबून येतं. त्याला चहा पाजा, लिफ्टने वर पाठवा, आणि तुम्ही जिन्याने जा.