टायरला लाथा मारण्याचं सरकारी काम

गुळूप असा आवाज आला आणि टायर धरणाच्या पाण्यात दिसेनासा झाला. गाठ माझी होती. दोरी रेलिंगवरून मला वाकुल्या दाखवत लोंबत होती.

"जोशी, तो आपला टायर होता ना?" रानडे साहेबांनी धक्क्यावरून विचारलं.

"होता, सर."

रानडे साहेब आमचे डेप्युटी इंजिनिअर. मी त्यांच्या हाताखालचा कोराकरकरीत ज्युनियर. सत्तरच्या दशकाची नुकती सुरुवात होती. राहुरीकडचं आमचं धरण नव्याने भरत होतं आणि पाहणीसाठी खात्याने एक लाँच घेतली होती. दुधासारखी पांढरी. नगर जिल्ह्यात बोट म्हणजे इतकी अपूर्वाई, की बेलापूरहून लोक गाड्या जुंपून तिला बघायला येत. लाँचचा चार्ज माझ्याकडे होता, म्हणजे भोंगाही माझ्याकडे होता. मी तो उगीचच वाजवायचो.

"सोमवारी मोठे साहेब येतायत," रानडे म्हणाले. "रंगावर एक ओरखडा दिसला, की तुझी बदली पारनेरला. विहिरी मोजत बस."

पारनेरला भोंगा कुणासाठी वाजवणार?

लाँच धक्क्याच्या दगडाला घासू नये म्हणून मध्ये जी उशी टांगतात, तिला फेंडर म्हणतात. आमच्या उशा म्हणजे ट्रकचे जुने टायर. लाँचच्या रेलिंगला दोरीने टांगायचे, बस्स. एवढ्याशा कामावर माझी नोकरी लोंबकळत होती.

मी मारली होती सुरगाठ. आमच्या घरी गोठ्यात हीच मारतात. एक टोक ओढलं की सुटते. लाटेने तेच टोक ओढलं.

"सायेब, ही बैलाची गाठ हाय," आमचा खलाशी बापू म्हणाला. "बैल गेला बगा पळून." बापू कोल्हारचा, प्रवरेच्या पाण्यात वाढलेला, त्यामुळे त्याला बोलायचा हक्क होता. "सरा बाजूला. आमी बांधतो."

त्याने निरगाठ मारली. एकावर एक, दात-ओठ खाऊन. टायर पडायची बिशाद नव्हती. मग कालव्याला पाणी सुटलं, धरणाची पातळी उतरली आणि धक्क्याची कड लाँचपेक्षा उंच झाली. टायर वर घ्यायला हवे होते. दोरी भिजून फुगलेली. गाठ सुटेना.

"बापू, ही गाठ आहे का वेल्डिंग?"

"तुमीच म्हनला, सुटाया नको."

शेवटी कोयत्याने दोऱ्या कापल्या. मग मी एका इंग्रजी पुस्तकातून क्लोव्ह हिच शोधली. दोरीचे दोन वेढे एकमेकांवर तिरके अडकवायचे. दिसायला फार देखणी. पण लाँच दिवसभर डुलत राहिली तशी ती हळूहळू ढिली झाली. गुळूप.

आता टायर कमी आणि सोमवार जवळ. मी ऑफिसच्या व्हरांड्यातल्या पायपाला उरलेले टायर टांगले, प्रत्येकाला वेगळी गाठ मारली आणि बापूला म्हटलं, "लाथा मार. लाट समजून मार."

क्लार्क बाहेर आला, त्यालाही मोह झाला. पाटाच्या पाण्याचा अर्ज घेऊन आलेले शेतकरी थांबले.

"लाथा मारून देत्यात का हितं? व्हा बाजूला! लई खेटे घातलेत म्या या हापिसात."

बघता बघता रांग लागली. कुणी टायरला क्लार्कचं नाव देऊन मारी, कुणी माझ्याकडे बघत मारी. एक म्हातारी पुढे आली. "कशाचा नवस हाय रं ह्यो?"

"सायबाची बदली टळायचा, आज्जी," बापू म्हणाला.

"मंग मी बी मारते," म्हणून तिने लुगडं सावरून अशी लाथ हाणली, की व्हरांड्याचा पायप वाजला.

तिच्याही लाथेला एक गाठ पुरून उरली. पायपाभोवती दोरीचे दोन पूर्ण वेढे घ्यायचे आणि उरलेल्या टोकाच्या, टायरकडे जाणाऱ्या दोरीवर दोन अर्ध्या गाठी मारायच्या. ओझं वेढे पेलतात. गाठी नुसत्या वेढ्यांना जागेवर धरतात, म्हणून त्या काचत नाहीत आणि हाताने सुटतात. लाँचवर सगळे टायर तसेच बांधले.

सोमवारी वारा सुटला. लाँच धक्क्यावर धडाधड आपटत होती. एक टायर हलेल तर शपथ! मोठे साहेब चढले, फेरी झाली, उतरले. मी विजयाने भोंगा वाजवला आणि त्यांना माझ्या गाठी दिसाव्यात म्हणून लाँच ऐटीत धक्क्यापासून दूर घेऊन तिची धक्क्याला टेकलेली बाजू उघडी केली.

पांढऱ्या रंगावर टायरांच्या रबराचे काळेकुट्ट डाग उठले होते. या टोकापासून त्या टोकापर्यंत.

"जोशी!" रानडे साहेबांचा आवाज चिरकला.

"ओरखडा नाहीये, सर. एकसुद्धा नाही."

मोठे साहेब डागांकडे बघत राहिले. "मग हे काय आहे?"

मी बापूकडे बघितलं. बापू तयारच होता. "तीट हाय सायेब. नवी हाय, गोरी हाय, बगाया लई मानसं येत्यात. दिष्ट लागंल म्हनून लावली."

मोठे साहेब हसता हसता धक्क्याच्या पायरीवर बसले. "अरे, तीट एक लावतात! तुम्ही पोरीला काजळाने न्हाऊ घातलंत!"

बदली टळली. पुढे मी आणि बापू रॉकेल आणि चिंध्या घेऊन लाँच पुसत बसलो, आणि टायरांना गोणपाटाची अंगडी शिवली.

चांगल्या गाठीचं काम टायर पडू न देण्याचं, ते ती चोख करते. टायर काळा असतो, हे मात्र इंजिनिअरने बघायचं असतं.