कोपऱ्यावरचा पिंजरा

आमच्या गल्लीच्या कोपऱ्यावर लोखंडी पिंजऱ्यात कडुनिंबाचं एक वाळलेलं रोप आहे. पिंजऱ्यावर एका रंगाच्या कंपनीची धुळीने माखलेली हिरवी पाटी. आज सकाळी पाहिलं, तर माझे वडील, अप्पा, तांब्याने त्या काडीला पाणी घालत होते.

रोप लावलं तेव्हा साहेब आले, फोटो निघाले. मग कुणी फिरकलं नाही. कंपनीचं झाड, कंपनी बघेल, असं आम्हालाही वाटलं. अप्पांनी तर त्याच आठवड्यात त्या कंपनीचे शेअर घेतले. शेअरबाजारातलं त्यांना काही कळत नव्हतं. "झाडं लावणारी माणसं वाईट नसतात," एवढाच त्यांचा अभ्यास.

गेल्या महिन्यात बातमी आली, कंपनी कारखान्याचं घाण पाणी गुपचूप ओढ्यात सोडत होती. शेअर कोसळला. टीव्हीवरचे जाणकार म्हणाले, गुंतवणूकदारांचा विश्वास उडाला. विश्वास उडतो म्हणजे नेमकं काय होतं, ते त्यांच्या आलेखात कुठे दिसतं? आमच्या घरी अप्पा टीव्ही बंद करून गॅलरीत जाऊन बसले, एवढंच झालं. ओढ्याकाठच्या लोकांचं काय झालं, ते कुणी सांगितलंच नाही.

"अप्पा, आता कशाला? सगळं खोटं होतं ते," मी म्हणाले.

"कंपनी खोटी होती गं. रोप तर खरं होतं."

त्यांनी तांब्या उपडा केला. थोडं पाणी पाटीवर उडालं, धूळ ओघळली. काडी तशीच राहिली. पाटी तेवढी हिरवीगार झाली.