घोंगड्यांचं झाड

दिग्गीच्या रानात सागाची तोड जोरात चालायची तेव्हाची, म्हणजे पहिल्या महायुद्धाच्याही आधीची ही गोष्ट. झिलू मुकादमाच्या हाताखाली राबायचं म्हणजे जीव मुठीत धरून राबायचं. माणूस कामाला पक्का, पण फार मारकुटा. त्याच्या टोळीत पाठीवर वळ नसलेला गडी शोधूनही सापडला नसता.

एक मात्र खरं, त्याच्या टोळीत माणूस कधी मेला नव्हता. ओंडके डोंगरावरून घळीत सोडायचे, ते गडगडत काळी नदीच्या काठाला जाऊन पडायचे. मध्ये कोणी सापडला की त्याचा चेंदामेंदा. म्हणून झिलूने रीतच घालून दिली होती. घळीत उतरणाऱ्याने आपलं घोंगडं वरच्या जांभळीवर टांगायचं, वर आला की काढून घ्यायचं. झाडावर एक जरी घोंगडं दिसलं तरी ओंडका हलायचा नाही.

लखू हा झिलूच्या धाकट्या बहिणीचा, फुलाचा नवरा. एकदा काम संपवून तो नदीकडच्या वाटेने परस्पर घरी गेला आणि घोंगडं झाडावरच राहिलं. अख्खी टोळी हात बांधून बसली, ठेकेदाराने झिलूच्या सात पिढ्या काढल्या. दुसऱ्या दिवशी झिलूने लखूला सगळ्यांदेखत वेताने फोडून काढलं. पाहुण्याचा मान, बहिणीचं कुंकू, मेल्याला काही म्हणजे काही आठवलं नाही.

"पुन्ना झाडावर इसरलं तर हाडं शिल्लक ठेवनार न्हाई!"

पुढच्या सकाळी घळीत अडकलेला धोंडा काढायला लखू सगळ्यांच्या आधी एकटाच उतरला. मागाहून झिलू टोळी घेऊन आला. त्याने जांभळीकडे पाहिलं. झाड रिकामं होतं.

"सोडा!"

ओंडका सुटला. खालून एकच किंकाळी आली.

लखूला वर आणला तेव्हा कमरेखाली ओळखण्यासारखं काही उरलं नव्हतं. घोंगडं मात्र अंगावरच होतं, छातीशी गच्च गाठ मारलेलं, रक्ताने भिजलेलं.

"टांगलं का न्हाई ह्येनं?" झिलू किंचाळला.

आरडाओरडा ऐकून फुला धावत आली होती. ती म्हणाली, "घरातनं निघतानाच म्हनला, आज आंगावरनं काढीतच न्हाई. झाडावर ऱ्हायलं तर तू मारशील म्हनून."

झिलूच्या हातात वेत होता. तिने त्याचं मनगट धरलं आणि त्याला फरफटत प्रेतापाशी नेलं.

"मार की, दादा. तुझ्या मारानं समदी ऐकत्यात न्हवं? मार आनि उठीव त्येला."