भुताच्या भरवशावर

माझा धाकटा भाऊ बस चालवतो. मध्यंतरी 'चालवायचा' असं म्हणायची पाळी आली होती. डेपोत त्याला सगळे 'सावकाश' म्हणतात, कारण वळणावर त्याची बस इतकी अलगद वळते की उभ्या माणसाच्या हातातला चहासुद्धा हिंदकळत नाही. घरी मात्र तो माझा धाकटाच, केस पिकले तरी.

त्याची बायको बरीच वर्षं छातीच्या दुखण्यानं अंथरुणाला खिळून होती. तिचा श्वास चालू आहे ना, हे बघायला हा रात्रभर उठत राहायचा. ती गेली आणि याची झोपही गेली. पाठ टेकली की डोळे टक्क उघडे. मग एकदा सिग्नलला बस उभी असताना हा स्टेअरिंगवर डोकं टेकून पेंगला. सिग्नल हिरवा झाला, मागच्या गाड्यांनी हॉर्न वाजवून कान किटवले, तरी याला पत्ता नाही. कुणाला काही झालं नाही, पण डेपोनं त्याला बसवरून उतरवून हरवलेल्या वस्तूंच्या खिडकीत बसवलं. डेपोचे डॉक्टर म्हणाले, महिनाभरानं तपासू. झोप सुधारली असेल तर स्टेअरिंग परत, नाहीतर निवृत्तीपर्यंत खिडकी. लोकांच्या छत्र्या आणि एकेकटे हातमोजे सांभाळत म्हातारं होणं त्याला सोसणार नव्हतं, आणि ते बघणं मला. मी माझं शिवणयंत्र आणि गिऱ्हाइकांचे अर्धवट पडदे उचलून त्याच्याकडे राहायला गेले.

डेपोच्या विश्रांतीच्या खोलीत पुस्तकांचं एक कपाट आहे. त्यात एक भयकादंबरी होती, एवढी जाड की सगळे तिला 'वीट' म्हणायचे. एका जुन्या अतिथीगृहात पूर्वी एक राखणदारीण होती. मेल्यावरही ती रोज रात्री हातात दिवा घेऊन खोल्याखोल्यांतून हिंडते आणि प्रत्येक झोपलेल्या माणसाच्या उशाशी येऊन उभी राहते. एवढीच गोष्ट. एवढ्याचीच वीट झालेली.

धाकट्याचा डबा द्यायला मी गेले की तिथे या विटेवरून जुंपलेली असायची.

"ती वाचल्यापासून मी बसखाली एकटा शिरत नाही," फिटर म्हणायचा. "हाताखालच्या पोराला उभं करतो बाजूला."

"तीनशे पानं झाली तरी नुसती दारं उघडतात नि बंद होतात," कँटीनवाली बाई म्हणायची. "भुताची गोष्ट आहे का सुताराची?"

कंडक्टरचं म्हणणं, सगळं झकास आहे, फक्त शेवटी माती खाल्ली आहे. तिकीटघरातली मुलगी म्हणायची, शेवटासाठीच तर वाचायची, आपण तर बाई ढसाढसा रडलो. मग कंडक्टर म्हणायचा, भयकादंबरी वाचून रडू आलं म्हणजे लेखकानं पैसे परत द्यायला हवेत.

अशाच एका दुपारी धाकट्यानं भाजीचा घास तोंडात ठेवता ठेवता सांगितलं, "मला बरी झोप लागते हिच्यानं."

ज्यांना वीट कंटाळवाणी वाटायची ते खूश झाले आणि फिटरनं असं तोंड केलं की जणू धाकट्यानं त्याच्या आईला नावं ठेवली.

पण धाकटा खोटं बोलत नव्हता. खिडकीची पहाटेची पाळी संपवून दुपारी घरी आला की तो पलंगावर वीट उघडायचा. बाहेरच्या खोलीत मी पडदे शिवत बसायची. दारावर, कपाटावर, दोरीवर सगळीकडे कुणाकुणाचे पडदे लटकलेले, त्यांतून गाळून आलेलं दुपारचं ऊन जमिनीवर हलत असायचं, आणि थोड्या वेळानं आतून संथ घोरणं ऐकू यायचं. मी यंत्र थांबवून ते ऐकत राहायची. इतक्या वर्षांत एवढं गोड काही ऐकलं नव्हतं.

मी स्वतः त्या विटेची पहिली काही पानं चाळली होती. जिना वर जातो हे सांगायला त्या लेखकाला अख्खं प्रकरण लागतं, तेवढ्यात मी एका खिडकीचं काम उरकते. म्हणून एकदा न राहवून विचारलं, "कंटाळा येऊन झोपतोस ना रे?"

"छे. चांगली आहे गं ती."

"कोण, कादंबरी?"

"ती बाई." तो छताकडे बघत होता. "सगळे उगाच घाबरतात तिला. ती काही करत नाही कुणाला. झोपलेल्यांचा श्वास चालू आहे ना एवढंच बघते आणि पुढच्या खोलीत जाते. मी काय वेगळं करायचो? मग मला वाटतं, ती जागी आहे ना, मग आपण झोपलं तरी चालेल."

मी सुई पडद्यात खोचली आणि उठून चहा ठेवला.

डॉक्टरांकडे जायचा दिवस जवळ आला आणि नेमकी तेव्हाच वीट संपली. कंडक्टरला न पटलेला शेवट असा होता, की सगळ्या खोल्या हिंडून झाल्यावर राखणदारीण दिवा मालवते, एका रिकाम्या पलंगावर आडवी होते आणि झोपी जाते. बस्स. त्या दुपारी आतून घोरणं आलं नाही. दुसऱ्या दुपारी नाही, तिसऱ्या दुपारीही नाही. त्याच्या डोळ्यांखाली पुन्हा काळी वर्तुळं दिसायला लागली.

"पहिल्यापासून वाच की परत," मी वैतागून म्हटलं. "एवढी मोठी आहे, जन्मभर पुरेल."

"वाचून बघितलं, ताई. पण आता ती जिना चढायला लागली की वाटतं, दमली आहे बिचारी. तिला कशाला पुन्हा उठवायचं?"

आता याला काय म्हणावं? भुताची दया येणारा माणूस माझ्याच घरात जन्माला यायचा होता. मी कपाळावर हात मारला. मग खुर्ची उचलली आणि त्याच्या पलंगाशी नेऊन आपटली.

"हे काय?"

"मी जागी आहे. तू झोप."

"तुझे पडदे?"

"पडद्यांना घाई नाही. खिडक्या कुठे पळून जात नाहीत. डोळे मीट."

जागं राहायला हाताशी काहीतरी हवं म्हणून मी वीट घेतली आणि आरंभापासून वाचू लागले. जिना आला. या वेळी तो मला तितका लांब वाटला नाही. बाहेरच्या खोलीतले पडदे वाऱ्यानं फुगत होते, खाली बसत होते, आणि मला वाटू लागलं की त्यांच्यामागून कुणीतरी दिवा घेऊन चाललं आहे. भीती वाटली नाही. कोण ते मला ठाऊक होतं, आणि तिलाही मी ठाऊक असावे. मध्येच मी पुस्तक मिटून वाकले आणि धाकट्याच्या छातीकडे बघितलं. वर, खाली. वर, खाली. एवढं बघायला तो किती वर्षं उठत होता, आणि तेव्हा त्याच्यासाठी कुणीच जागं नव्हतं. मीही नव्हते. माझ्या घरी मी खुशाल झोपलेली असायची.

रोज दुपारी मी खुर्चीत बसले. गिऱ्हाइकं कुरकुरली. एकीनं तर पडदे न शिवताच परत नेले. पण आतलं घोरणं परत आलं. मीही डेपोत जाऊन कँटीनवालीला ठणकावून सांगितलं की तिला वाचता येत नाही, नुसती अक्षरं कळतात. फिटरनं त्या दिवशी माझा चहा स्वतःच्या खात्यावर लिहायला लावला.

डॉक्टरांनी त्याला तपासलं, परीक्षकानं शेजारी बसून गावभर बस चालवायला लावली, आणि स्टेअरिंग परत मिळालं.

पहिल्याच फेरीला मी त्याच्या बसमध्ये चढले. त्याला सांगितलं की मला शेवटच्या थांब्याजवळ कापड बघायचं आहे. खरं तर मला त्याच्यावर नजर ठेवायची होती. आरशात त्याचे डोळे दिसतील अशी जागा धरली आणि ताठ बसले. पेंगला तर हाक मारायची, उठून हलवायचं, सगळं मनाशी ठरवलं होतं. संध्याकाळचं पिवळं ऊन काचेवरून सरकत होतं. शेजारची बाई पिशवी पोटाशी धरून पेंगत होती, पुढच्या सीटवरच्या माणसाची मान कलली होती. बस वळणं घेत होती, पण वळल्याचं कळत नव्हतं. आरशात त्याचे डोळे दिसत होते, शांत, रस्त्यावर खिळलेले.

कुणीतरी खांद्याला हात लावला तेव्हा बस रिकामी होती. धाकटा वाकून माझ्याकडे बघत होता. माझं तोंड उघडं राहिलं होतं आणि पदर ओघळून खाली आला होता.

"उतरू?" मी गडबडून विचारलं.

"बस गं. झोप तू," तो म्हणाला. "परतीच्या फेरीलाही मीच आहे."