विलायती कोंबड्या आणि सरकारी गहू

सरकारी नोकरीत माणूस कमवो न कमवो, किस्से मात्र साठतात. माझे बहुतेक बुलढाण्याच्या सरकारी कोंबडीखान्यातले. तिथे मी कारकून होतो. ऐकणारे हसतात, आणि सांगताना मलाच शेवटी हसू येईनासं होतं.

आम्ही तिघेच होतो: जबलपूरकडचे साहेब, मी, आणि कोंबड्या राखणारा तुळशीराम. तुळशीरामची नोकरी कच्ची. साहेबांनी आल्या आल्या फर्मावलं, की उन्हाळ्यात इथे हिरवं काही मिळत नाही, तेव्हा गहू भिजवून पत्र्याच्या ट्रेमध्ये उगवायचा आणि कोंब वीतभर झाले की कोंबड्यांना घालायचे. प्रयोग जमला तर तुळशीराम पक्का, नाहीतर घरी.

पहिल्या खेपेला, भर पावसाळ्यात, गहू सडला. खोलीत उभं राहवेना. आमच्याकडे गहू सणावारी, एरवी ज्वारीची भाकर. तुळशीराम नाक दाबून म्हणाला, "घरी इतका गहू सडवला असता तं मायनं हाकलून देल्लं असतं. इथं त्याचा पगार भेटते जी."

दुसऱ्या खेपेला गहू झकास उगवला, पण नेमकी नवरात्र लागली. तुळशीराम खोलीबाहेर वहाणा काढू लागला.

"काऊन रे?" मी विचारलं.

"घट बसले ना बाबूजी."

देवीपुढे परडीत पेरलेलं धान जसं उगवेल तसं वर्षाचं पीक, असं आमच्याकडे मानतात. एवढा मोठा घट पाहायला लोक लोटले. दसऱ्याला जो तो कोंब खुडून पागोट्यात खोवून गेला. ट्रे बोडके! साहेबांनी लेखी खुलासा मागितला. मी लिहिलं, "पीक उत्तम आले. जनतेने नेले."

तिसऱ्या खेपेला कोंब एकदाचे कोंबड्यांपुढे पडले. आमच्या पांढऱ्या विलायती कोंबड्यांनी चोचसुद्धा लावली नाही. कुंपणाबाहेरच्या गावठी कोंबड्या मात्र जाळीतून माना घालून ते ओढून खात होत्या.

"बाहरवाली क्यों खा रही हैं?" साहेबांनी विचारलं.

"तिले कोणी दाना टाकत नाई जी," तुळशीराम म्हणाला.

मग नागपूरचे मोठे साहेब प्रयोग पाहायला येणार असं कळलं. तुळशीरामने दोन दिवस कोंबड्यांना दाणा दिला नाही. त्या जाळीवर चोची आपटत ओरडायच्या आणि हा कानात बोळे घालून पाठमोरा बसायचा. त्याची बायको सखू मला म्हणाली, "हे बी दोन दिस जेवले नाई, बाबूजी."

तिसऱ्या दिवशी कोंबड्या कोंबांवर तुटून पडल्या. मोठे साहेब खूश! तुळशीराम तिथल्या तिथे पक्का झाला. आणि त्याच कागदावर दुसरा हुकूम आला, की कोंब इतके आवडतात तर दाणा कायमचा बंद.

त्या हिवाळ्यात कोंबड्या वाळत गेल्या. अंडी थांबली. तुळशीराम आपल्या शिदोरीतली भाकर लपूनछपून कुस्करून टाकायचा, पण एका माणसाच्या भाकरीने काय होणार? मी साहेबांना दोनदा सांगितलं. ते म्हणाले, कोंब वाढवा. त्या उत्तराची चीड मला अजून आहे. निम्म्या कोंबड्या मेल्या. कारण म्हणून "थंडी" असं लिहिलं मीच, माझ्याच हाताने.

कागदावर मात्र प्रयोग यशस्वी ठरला. साहेबांनी दुसरबीड गावात बायामाणसं जमवली आणि तुळशीरामला शिकवायला उभं केलं. त्याने गहू भिजवून दाखवला, ट्रे दाखवला. पुढे बसलेल्या एका म्हातारीने विचारलं, "आन् कोंबड्यांनी खाल्लंच नाही तर?"

तुळशीरामने हातातला ट्रे खाली ठेवला.

"दोन दिस काहीच देऊ नका, माय," तो म्हणाला. "मंग खातेत."

साहेबांना वऱ्हाडी नीट कळत नसे. त्यांनी मला विचारलं, "क्या कहा?" मी सांगितलं.

"बहुत अच्छा," ते म्हणाले. "लिख लो."

मी लिहून घेतलं.