बोडीतली पाचवी फेरी

मी जन्मभर ड्रिल मास्तर होतो. शिट्टी, मोजपट्टी आणि मनगटावरचं घड्याळ, एवढ्यावर माझा विश्वास. जे मोजता येत नाही ते नाहीच, असं पोरांना बजावून सांगणारा माणूस मी. अंगात येणं, नजर लागणं यावर कुणी बोलायला लागलं की मी उठून जायचो. आता ऐंशी ओलांडली आहे. मी सांगतो आहे आणि सून टाइप करते आहे... तिलाही ही गोष्ट आजच पहिल्यांदा कळते आहे.

मेलबर्नला ऑलिंपिक झालं तो हिवाळा. आमचा भाग नुकताच मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात आला होता, आणि गडचिरोली तेव्हा चांदा जिल्ह्यातच होतं. माझी नेमणूक सावली नावाच्या गावाजवळच्या एका खेड्यातल्या शाळेत होती. गावाचं नाव देत नाही, तिथली माणसं ओळखतील.

गावापासून पाऊण मैलावर, वैनगंगेकडे जाणाऱ्या गाडरस्त्याला लागून एक फुटलेली बोडी होती. बोडी म्हणजे आमच्याकडचं लहान तळं. तीन बाजूंची पाळ, म्हणजे मातीचा बांध, शाबूत आणि पूर्वेची पुरात वाहून गेलेली. पाणी साठत नसे, त्यामुळे तळ सपाट आणि टणक. मी पहिल्यांदा पाळीवर चढून खाली पाहिलं आणि मला अथेन्सच आठवलं.

मला वेड होतं. इंग्रजी वर्तमानपत्रांतली स्टेडियमची चित्रं कापून मी एका वहीत चिकटवत असे. अथेन्सचं संगमरवरी, घोड्याच्या नालेच्या आकाराचं. वेम्बलीचं — तिथे पहिल्याच मोठ्या सामन्याला माणसं मैदानातच शिरली आणि पांढऱ्या घोड्यावरच्या एका पोलिसाने त्यांना मागे रेटलं. ब्राझीलचं — यजमान हरले तेव्हा तेवढी अफाट गर्दी चिडीचूप झाली. आणि ऑलिंपिया. तिथे आसनं नव्हतीच, लोक मातीच्या उतारावर बसत. पुढे नदीच्या गाळाखाली ते सगळं शेकडो वर्षं गाडलं गेलं. वर शेती झाली, खाली स्टेडियम.

माझी बोडी तशीच होती. गिरणीतली तुसाची राख आणून मी तळात ट्रॅक आखला, चार फेऱ्यांचा एक मैल. आणि मला धावणारा सापडला.

देऊ मडावी. बावीस-तेवीस वर्षांचा, पलीकडच्या जंगलातल्या गोंड पाड्यावरचा. बांबू तोडीच्या ठेकेदाराकडे चिठ्ठ्या पोचवायचं काम करायचा. जंगलातून डेपोपर्यंत आठ मैल जाणं आणि आठ मैल येणं, तेही अनवाणी. मी सडकेवर मैलाच्या दगडांमध्ये त्याची वेळ घेतली आणि घड्याळ दोनदा कानाला लावून पाहिलं. नागपूरच्या प्रांतिक स्पर्धेत हा जिंकला तर त्याला पोलिसात नोकरी लागेल, असं मी त्याच्या बायकोसमोर सांगितलं होतं. दुसऱ्या दिवसापासून ती त्याला सकाळी पेज पाजून पाठवू लागली.

सडकेवर तो वाऱ्यासारखा जायचा. बोडीत मात्र चौथ्या फेरीला पश्चिमेच्या वळणावर त्याची मान पाळीकडे वळायची आणि पाय रेंगाळायचे. रोज तिथेच.

"काय बघतोस रे तिकडे?" मी विचारलं.

"पाळीवर लोक आहेत, गुरुजी."

मी पाहिलं. पाळीवर वाळलेलं गवत होतं आणि दोन गाई.

"दिसत नाई," तो म्हणाला. "आयकू येते. मोप जन आहेत. शंकरपटात बैल सुटले का लोक वरडते ना, तसे वरडून राह्यले."

"दम लागला की कानात रक्त वाजतं, देऊ. सगळ्यांच्याच वाजतं."

त्याने थोडा विचार केला. "मंग सडकेवर काऊन नाई वाजत?"

मी रागावलो. म्हटलं, नोकरी पाहिजे असेल तर कान बंद ठेवायचे आणि शेवटच्या रेषेवरची दोरी तुटेपर्यंत थांबायचं नाही. हे मी त्याला रोज सांगितलं. रोज. हे लक्षात ठेवा.

त्या स्पर्धेसाठी धावणारे निवडायची शर्यत बोडीतच ठेवली होती; त्या दिवशी दुपारी चार वाजता नागपूरचे निवड करणारे साहेब आले. पाळीवर गाव जमलं होतं. सात जण धावले. चौथ्या फेरीत देऊ एकटाच पुढे होता, मागचा शंभर पावलं दूर. वळणावर त्याची मान वळली नाही. दोरी त्याच्या छातीला लागून तुटली. मी घड्याळ थांबवलं, आणि देऊ थांबला नाही.

लोक हसले. त्यांना वाटलं, आनंदाने पळतो आहे. त्याने पाचवी फेरी घातली, सहावी घातली. मी आडवा गेलो, तर त्याने मला चुकवलं. त्याचे डोळे माझ्यावर नव्हतेच, ते वर पाळीवर होते. एवढी माणसं तिथे बसलेली, पण तो त्यांच्याकडे पाहत नव्हता. जिथे कुणीच बसलं नव्हतं त्या पश्चिमेच्या टोकाकडे पाहत होता. मग फुटक्या बाजूने बाहेर पडला आणि नदीच्या वाटेला लागला.

दिवस मावळायच्या आत आम्हाला तो वैनगंगेच्या वाळूत बसलेला सापडला. तळव्यांची सालटं निघाली होती. मी त्याला पाणी पाजलं.

"थांबला का नाहीस?"

"लोक उठले नाईत, गुरुजी." तो हळू आवाजात म्हणाला. "लोक बसून आहेत तं मी कसा थांबू? मले वाटलं शर्यत सुरूच आहे."

साहेबांनी तेवढ्या वेळात निकाल देऊन टाकला होता — मोहाची पिऊन आला असेल. देऊ दारूला शिवत नसे, हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. पण साहेबांसमोर कोण बोलणार. त्यांचा मुक्काम दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत रेस्ट हाउसवर होता. सकाळी जाऊन त्यांची समजूत घालायची, असं मी ठरवलं.

सकाळी आधी खुंट्या आणि दोऱ्या आणायला बोडीत गेलो. ऊन चांगलं वर आलं होतं, नऊ वाजले होते. मनात आलं, एक फेरी चालून पाहू. पश्चिमेच्या वळणावर नक्की आहे तरी काय, एखादा खड्डा, वाऱ्याची काही गंमत...

वळणावर पोचलो आणि आवाज सुरू झाला. धानाच्या गिरणीचा पट्टा सुरू होताना आधी पायांखाली थरथर जाणवते आणि मग कानात येतं, तसा. नंतर त्यातून माणसांचे आवाज सुटे झाले. शब्द कळत नव्हते. पण ते माझ्यासाठीच आहेत, हे कळत होतं. भीती वाटली का? नाही. हेच आजवर मला छळतं. बरं वाटलं. वाटलं, ही फेरी पुरी करावी.

"गुरुजी. ओ गुरुजी. काय हारपलं तुमचं?"

पाळीवर गवत कापणारी सोनाबाई उभी होती. तिच्याजवळ चार भारे बांधून पडले होते.

"मी आली तव्हापासून पाहून राह्यली, नुसते गोल गोल फिरून राह्यले."

मी घड्याळ पाहिलं. साडेबारा. माझ्या हिशेबाने मी एक फेरी चाललो होतो. पायांत गोळे आले होते आणि सदरा घामाने पाठीला चिकटला होता.

"बाई, तुम्हाला आवाज आला काही?"

"कायचा आवाज? होले घुमून राह्यले, तेवढाच."

मी तसाच रेस्ट हाउसवर गेलो. साहेब मोटारीत बसत होते. त्यांनी विचारलं, "मास्तर, खरं सांगा, पिऊन होता ना तो?"

मी काय सांगणार होतो? मला नोकरी होती, नावापुढे बी.ए. होतं. मी म्हणालो, "सांगता येत नाही, साहेब."

देऊचं नाव यादीतून गेलं. गावात त्याला 'पेताड' म्हणू लागले. पुढच्या पावसाळ्याआधी तो बायकोला घेऊन तिच्या माहेरी, सिरोंच्याकडे निघून गेला. मी बोडीत परत शर्यत घेतली नाही आणि महिन्याभरात बदलीचा अर्ज केला.

डॉक्टर मित्रांना नंतर विचारलं, नाव न सांगता. कुणी ऊन म्हणालं, कुणी मनाचा खेळ. दोन माणसांना एकाच जागी, एकाच वळणावर? ती पाळ मुळात कुणी बांधली, तिथे काय होत असे, हेही गावात विचारून पाहिलं. कुणाला काही माहीत नव्हतं.

दहा-बारा वर्षांनी शाळांतल्या ड्रिलच्या तपासणीसाठी सिरोंच्याला गेलो होतो. गोदावरी ओलांडायला नावेत बसलो, तर वल्हं देऊच्या हातात. त्याने मला लगेच ओळखलं. मुलं किती, तब्येत कशी, असं सगळं विचारून झालं. मधोमध आल्यावर त्याने वल्हं थांबवलं.

"गुरुजी, एक विचारू? तुमाले कधी आयकू आलं का ते?"

नावेत माझ्या हाताखालचे दोन शिक्षक बसले होते. दोघेही माझ्याकडे पाहत होते.

"नाही रे," मी म्हणालो.

त्याने मान हलवली. "मंग मी एकलाच होतो," म्हणाला आणि वल्हं मारायला लागला.

देऊ आता नाही. ते काय होतं, हे मला तेव्हाही कळलं नाही आणि आजही सांगता येत नाही. पण देऊ, तू एकटा नव्हतास.