आठव्या दिवसाची नोंद
परवा चिखलीच्या दवाखान्यात पणतूला लस द्यायला नेलं होतं. तिथे स्पिरिटचा वास आला आणि मला आत बसवेना. पन्नासच्या दशकात मी चाकणकडच्या गावांत सायकलवरून देवीची लस टोचत फिरायचो. आठव्या दिवशी परत जाऊन दंडावर फोड आलाय का ते पाहायचं, आला असेल तर वहीत ‘उठली’ लिहायचं, नसेल तर पुन्हा टोचायचं, असा नियम होता. एका उन्हाळ्यात ऊन फार होतं. एका वस्तीवर मी गेलोच नाही. घरी बसूनच सगळ्या नावांपुढे ‘उठली’ लिहिलं आणि वही तालुक्याला पाठवली. दोन दिवसांनी कांद्याच्या बाजारात त्या वस्तीवरच्या एका बाईने मला गाठलं. कडेवर तीनेक वर्षांची मुलगी होती. “साहेब, हिच्या दंडावर काय बी उठलं न्हाई. परत टोचा की.” पुन्हा टोचायचं तर आधीची नोंद खोटी ठरली असती. मी म्हणालो, “काहींची आतून उठते, बाई.” “आतून व्हय? मंग बरं हाय,” म्हणत ती हसली. पुढच्या उन्हाळ्यात मुलीला देवी आल्या आणि तिच्या दाराला कडुलिंबाचे डहाळे लागले. मुलगी वाचली, पण दोन्ही डोळे गेले. आई माझ्या पाया पडली. “तुमी टोचलं व्हतं म्हणून जीव तरी ऱ्हायला.” तिने दिलेलं ताक प्यालो आणि सायकलवर बसलो. ती वही आता कुठे असेल कोण जाणे. त्या मुलीच्या नावापुढची नोंद मी आज दुरुस्त करतो आहे: लस उठली नव्हती, आणि ते मला माहीत होतं.